डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून पंधरा

क्लातेन, ४ जून

चि. वेनिंगला आजीचा ओंजळभर आशीर्वाद.

तुझं यंत्र पोचलं. म्हणजे दवाखान्याचं, पण मी गावभर तुझंच म्हणून सांगितलंय. कपाळाला टेकवायचं, बटण दाबायचं, की डोळ्याला मुंगीने मुका घेतल्यासारखं होतं आणि आतला दाब आकड्यात उमटतो. मजाच आहे! सकाळी दहाला दवाखान्यात माझा दाब शहाण्या मुलासारखा वागतो, तरी काचबिंदूने उजव्या डोळ्याची खिडकी कडेकडेने मिटतच चाललीय. म्हणून डॉक्टर बास्कोरोंनी आठवडाभर दिवसा, रात्री, पहाटे मोजायला सांगितलंय. शेजारची तुकियेम विचारत होती, नातीने मोबाइल दिला का. म्हटलं, बाई गं, हा डोळ्यांशी बोलतो. तिचं तोंड सोयाबीनच्या आंबलेल्या तेंपे-वडीसारखं झालं.

वही नीट भरतेय. शाळा दुसरीत सुटली, तरी आकडे येतात मला. पंधरा तर फार सुरेख काढते. डॉक्टर खूश होतील बघ.

लग्नाचं कधी मनावर घेतेस? दाब माझा मोजतात, वाढवतेस तू.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी सुतिनाह

योग्याकर्ता, १३ जून

ती. आजीस सा. न. वि. वि. (पाया पडते, पण रागावलेय.)

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते. यंत्र परत द्यायला गेले होते. वहीत सात दिवस, सगळ्या वेळांना पंधरा! डॉक्टर म्हणाले, छान, हेच थेंब चालू ठेवू. तेवढ्यात नर्सने यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. आजीबाई, ते प्रत्येक आकडा वेळेसकट लक्षात ठेवतं. दुपारी सतरा, तेवढं ठीक. पहाटे चारला सत्तावीस, अठ्ठावीस, एकदा तर एकतीस! तू झोपतेस तेव्हा तुझा दाब उठतो आणि नजर कुरतडतो. असंच चाललं तर उजवा डोळा वर्षभरात जाईल, म्हणाले.

आजींनी असं का लिहिलं असेल, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी तुला सोमवारी बोलावलंय. तेव्हा तूच सांग. आणि गोड नको, खरं सांग.

रागाखाली लोभ आहेच.
तुझी वेनिंग

क्लातेन, १९ जून

चि. वेनिंग, चोरी पकडलीस म्हणून आशीर्वाद दुप्पट.

अगं, कसं लिहू एकतीस? सोन्यासारखा माणूस. मला बघून उठून उभा राहतो, वाकून खुर्ची देतो. तुझं औषध लागू पडत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायचं? आपल्यात असं कुणी बोलतं का? म्हणून पंधरा लिहिलं. जरा बरं वाटेल बिचाऱ्याला.

काल दवाखान्यात गेले. आधी त्यांच्या आईची चौकशी केली, मग दारच्या आंब्याची, मग पावसाची. डॉक्टर घड्याळाकडे न बघता ऐकत होते. शेवटी मी डोळे मिटले आणि सांगून टाकलं, की डॉक्टर, तुमचे थेंब पहाटे चारला झोपा काढतात. वाटलं, आता जीभ झडणार. तर हा माणूस हसत सुटला! म्हणाला, आजी, पंधरावर विसंबलो असतो तर तुमचा डोळा गेला असता. एकतीसवर माझ्याकडे इलाज आहे. पुढच्या गुरुवारी शस्त्रक्रिया करून दाबाला बाहेर पडायला वाट करून देणार. गेलेलं दिसणं परत येत नाही, उरलंय ते राखायचं.

खरं बोलण्याची चव वाईट असते गं, एकदा लागली की सुटत नाही. संध्याकाळी बायकांच्या गाण्याच्या मंडळात सरपंचाच्या बायकोला म्हटलं, तुझा सूर वीस वर्षं घसरतोय. आता एकही बाई माझ्यासोबत दवाखान्यात यायला तयार नाही. तेव्हा रजा काढ आणि तूच ये.

तशी एकटीही गेले असते, असं लिहिणार होते. खोडलं. भीती वाटतेय, वेनिंग. हात धरायला ये.

तुझी आजी