सदुसष्ट सेकंदांचं मिनिट

प्रिय मिल्या,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच खेप. होतास तेव्हा मिस्ड कॉल पुरायचा. आता तुला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही अशी एक गोष्ट समोर आलीय, आणि नेमका तू जागेवर नाहीस. तशी ही तुझी जुनीच सवय, पण या वेळी फारच लांबवलंस.

झालंय असं, की आपली कॅसेट परत निघतेय. आपली म्हणजे 'गंज'ची. हसू नकोस. पुण्याची तन्वी म्हणून एक मुलगी आहे, आपण कॅसेट काढली तेव्हा तिचा जन्म तरी झाला होता की नाही देव जाणे. ती आणि तिचे मित्र जुन्या बँडच्या रेकॉर्डिंगा शोधून, साफसूफ करून मोठ्या काळ्या तबकडीवर काढतात. ती मला म्हणाली, "काका, गंज म्हणजे आमच्यासाठी दैवत आहे." मी तेव्हा बंदरावर एका होडीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. म्हटलं, कुठला गंज? तो तर इथे ढिगाने आहे.

आपली पाच गाणी. गावाने ज्यांना बोंबाबोंब म्हटलं ती. 'मिठागर भरलं, आता काय चाटू' हे गाणं आजही कुठल्या कुठल्या कॉलेजात पोरं ओरडून म्हणतात, हे तुला माहीत होतं का? तुला आवडलं असतं की तू नेहमीसारखा खांदे उडवून वर्गावर निघून गेला असतास? मला खरंच सांगता येत नाही. इतकी वर्षं शेजारी उभा राहून बेस वाजवला, आणि हे मला सांगता येत नाही.

तर तन्वीने आपल्या मूळ टेपची मोठी स्पूल मागितली. ती माझ्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती, जुन्या जाळ्याखाली. ती घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"काका, तुमच्या गावात मिनिटाला सदुसष्ट सेकंद असतात का?"

मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. मग तिने समजावलं. शेवटचं गाणं संपल्यावर रेकॉर्डिंगवाले बबनकाका मशीन बंद करायचे विसरले होते आणि चहा सांगायला बाहेर गेले. स्पूल तशीच फिरत राहिली. आपण कुणी बोलत नाही, फक्त दारावरच्या त्या घड्याळाची टिकटिक येते. ती तिने मोजली. एका मिनिटात सदुसष्ट. मी म्हटलं, बबनकाकांचं घड्याळ पुढे धावत असेल. ती म्हणाली, "असं धावलं तर रोज पावणेतीन तास पुढे जाईल, काका. घड्याळ बरोबर आहे. टेप चुकीच्या वेगाने भरली गेलीय. त्या दिवशी तिथे लाइट होती का?"



लाइट नव्हती. लोडशेडिंगचे दिवस. बबनकाकांच्या त्या खोलीत एरवी हळदीची गाणी भरली जायची, लग्नसराई तोंडावर आली होती, आणि आपल्याला मोठ्या उपकाराने एक दुपार मिळाली होती. म्हणून मागच्या पडवीत जनरेटर लावला. आपण सुरू केलं आणि पहिल्याच कडव्याला तू थांबलास. आठवतंय? "हऱ्या, त्या डबड्याचा आवाज माइकमधे येतंय. कायतरी कर ना." इंजिनातलं कळणारा मी एकटाच. मी बाहेर गेलो आणि जनरेटरची रेस कमी केली. खोलीतला बल्ब थोडा पिवळा पडला, आवाज दबला, तू आतून अंगठा दाखवलास. काय खूश होतो मी स्वतःवर.

रेस उतरली म्हणजे करंट मंदावला. करंट मंदावला म्हणजे ते स्पूलचं मशीन हळू फिरलं. हळू भरलेली टेप नंतर नीट करंटवर लावली की सगळंच पळतं. गाणी पळतात, आवाज चढतो, घड्याळही पळतं. एवढं साधं आहे. रोज इंजिनं उघडणाऱ्या माणसाला हे बावीस वर्षांत एकदाही सुचू नये?

तिथल्या तिथे ऐकलं तेव्हा काही वाटलं नाही, कारण मशीन त्याच मंद जनरेटरवर होतं. दोन दिवसांनी कॅसेट हातात आली, माझ्या घरी लावली, आणि आपण तिघं एकमेकांकडे बघत बसलो. असिफ म्हणाला, "बाप रे, मी एवढा फास्ट ड्रम वाजवतो?" तुझा आवाज त्यात तारेसारखा ताणलेला, आता तुटेल की मग असा. माझी आई चुलीपुढून म्हणाली, "यो कोन केकाटतंय?" तिला तू ओळखू आला नाहीस, मिल्या. लहानपणापासून आमच्या ओट्यावर वाढलेला तू. आपण तिला हसलो.

आणि मग आपण टेपला खरं मानलं. तुझ्या आबांच्या बाजाच्या पेटीवर आपण गिटार लावायचो, ती पेटी टेपशी जुळेना, तेव्हा आबांची पेटीच उतरली असं ठरवून टाकलं. आबा जयंतीला भीमगीतं गाणारे, आयुष्यभर त्या पेटीवर हात. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "माझी पेटी ठीक हाय. तुमचे कान तपासा." आपण काय केलं? तारा चढवल्या. किती तुटल्या. आणि त्या चढलेल्या तारांबरोबर तुला चढवलं.

तू चढायचा प्रयत्न केलास. मिठाचं पाणी, ज्येष्ठमध, हळद, काय काय केलंस. पनवेलच्या त्या कॉलेजातल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला तुझा आवाज फाटला. पोरं ओरडत होती, "कॅसेटसारखं म्हण." बाहेर आल्यावर, टेम्पोत सामान चढवताना, मी तुला जे बोललो ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तुलाच परत सांगतो. मी म्हटलं, "टेपवर जमलं ना? मग आता काय झालं? मेहनत नको करायला."

तू अँप्लिफायर उचललास आणि आत ठेवलास.

पुढे डॉक्टर म्हणाले स्वरयंत्रावर गाठ आलीय, गप्प राहा. गाठ गेली, तू मात्र गप्पच राहिलास. डी.एड. केलंस, माणगावकडे शाळेवर लागलास, लग्न केलंस. कुणी गाण्याचं काढलं की म्हणायचास, "तो आवाज विशीतला होता. गेला." आबांनी शेवटच्या आजारपणात एक गीत म्हणायला सांगितलं तेव्हासुद्धा तू हेच म्हणालास, आणि मी तिथे उरणहून आणलेली फळं मांडत उभा होतो. मला वाटलं, खरंच आहे. गेला बिचाऱ्याचा आवाज.

आता मला सांग, मी काय करू?

तन्वीने दोन प्रती पाठवल्यात. एक जशी कॅसेट होती तशी, पळणारी. एक घड्याळ साठावर आणून, खऱ्या वेगाची. तिला उत्तर हवंय, कुठली काढायची. असिफला कतारला फोन केला. तो भडकला. "हरेश, वेडा झालास काय? लोक त्या स्पीडवर मरतात. हळू काढली तर लोक बोलतील, ही तर साधी पोरं होती." मी म्हटलं, होतोच की. तो म्हणाला, "मग बावीस वर्षं लोकांनी काय ऐकलं? तुझा जनरेटर?" आणि फोन ठेवला. त्याचंही चुकीचं नाही. पळणारी कॅसेट ऐकून कुणीतरी घर सोडलं असेल, कुणी पहिल्यांदा बापाला उलट बोललं असेल. त्यांना आता सांगायचं, की बाळांनो, डिझेलच्या इंजिनाची रेस कमी होती?

आणि तुझं काय? तू ती कॅसेट कपाटात जपून ठेवली होतीस, मला माहीत आहे. एकेकाळी आपल्याला हे जमत होतं याचा तुझ्याकडे तेवढाच पुरावा. तोच खोटा म्हणून सांगायचा? की ज्याने तुला आयुष्यभर छोटं केलं ते खोटं होतं म्हणून सांगायचं? एका दिवशी मला पहिलं बरोबर वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. डोक्याचं पार भजं झालंय. परवा एका होडीचा पंपच उलटा बसवला मी.

शेवटी एस.टी. धरून माणगावला गेलो, वैशालीवहिनींकडे. तू गेल्यावर सही तर त्यांचीच लागणार होती. त्या शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. वह्यांचा गठ्ठा तसाच टेबलावर. म्हटलं, वहिनी, एक ऐकवायचंय. फोन पुढे ठेवला आणि खऱ्या वेगाचं गाणं लावलं. आधी काही सांगितलं नाही, कारण कुठून सुरू करावं तेच कळत नव्हतं.

त्या अर्धं गाणं उभ्यानेच ऐकत होत्या. मग खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे मागच्या वर्षीचं ना? मला न सांगता कुठे जाऊन गायले हे?"

मी म्हटलं, मागच्या वर्षीचं नाही वहिनी. आम्ही विशीत होतो तेव्हाचं आहे.

"काहीतरीच. हा ह्यांचा आत्ताचा आवाज आहे. न्हाणीघरात नळ सोडून गायचे ना, तो. नळ बंद केला की गाणं बंद. मी बाहेर उभी राहून ऐकायची. त्यांना कळू द्यायची नाही, नाहीतर तेही बंद केलं असतं."

मग मी सगळं सांगितलं. जनरेटर, स्पूल, घड्याळ, चढवलेल्या तारा, टेम्पोजवळचं माझं बोलणंसुद्धा. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "भाऊजी, जनरेटरचं तुम्हाला माहीत नव्हतं. ठीक आहे. पण तालमीला तुम्ही त्यांच्या शेजारीच उभे असायचात ना? रोज?"

"हो."

"मग रोज कानाशी जो माणूस गात होता, तो तुम्हाला ऐकू येत नव्हता का?"

मिल्या, या प्रश्नाचं उत्तर तूच दे. तुला तरी स्वतःचा आवाज ऐकू येत होता का रे? की तूही माझ्यासारखाच, समोरच्या माणसापेक्षा टेपवर विश्वास ठेवणारा निघालास? मला एकदा खडसावलं का नाहीस? "हऱ्या, मी असाच गातो, पयल्यापासून असाच गातो," एवढं बोलायला काय जात होतं? मी ऐकलं असतं. की नसतं ऐकलं? बघ, हेही मला नक्की सांगता येत नाही.

निघताना वहिनींपुढे तन्वीचे कागद ठेवले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिले. म्हणाल्या, "सही करेन. पण आधी ते गाणं माझ्या फोनवर टाका, पाचही टाका. मला लग्नापासून हे कधी मोकळ्या गळ्याने ऐकवलं नाही त्यांनी. लोकांनी बावीस वर्षं ऐकलंय, आता थोडे दिवस मी एकटी ऐकते. माझं झालं की सांगेन."

पाचही त्यांच्या फोनवर टाकली. तन्वीला सांगितलं, थांब. ती म्हणाली, "किती दिवस, काका?" मी म्हटलं, माहीत नाही. छापखान्याची तारीख ठरलीय, तबकडीचा नंबर लागलाय, असं ती बरंच काही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, थांब.

त्याला आज महिना झाला. काल धीर करून वहिनींना फोन लावला. विचारलं, झालं का ऐकून? मागे तू गात होतास, खालच्या पट्टीत, अगदी सावकाश. त्या म्हणाल्या, "अजून नाही, भाऊजी."

तर मिल्या, बाकी माझा गोंधळ आहे तसाच आहे. पण एवढा शब्द देतो. त्यांचं ऐकून होईपर्यंत तुझी टेप कुणाच्याही हाती जाणार नाही, मग ती पुण्याची कंपनी राहो की जावो. आणि जेव्हा निघेल तेव्हा ती तुझ्या खऱ्या आवाजात निघेल. त्या दिवशी रेस कुणी कमी केली होती, ते कव्हरवर माझ्या नावाने लिहिलेलं असेल. असिफची समजूत मी काढीन. नाही निघाली तर शिव्या मी खाईन.

तुझा,
हऱ्या