निंबदऱ्याच्या टेकडीवरील दगडखाण राखून ठेवण्याबाबत

प्रति,
मेहेरबान कलेक्टर साहेब,
जिल्हा अहमदनगर

विषय: मौजे निंबदरा, तालुका पारनेर येथील टेकडीचा काळा दगड राखून नवी घरे अन्यत्र बसविण्याबाबत.

संदर्भ: टेकडीवर घरांच्या जागा आखण्याची चावडीवर लागलेली नोटीस.

महोदय,

१. मी निंबदऱ्याची राहणारी, कै. आसाराम ठुबे यांची विधवा. आमच्या गावी पक्का काळा दगड दोनच ठिकाणी होता : गावालगतची जुनी खाण आणि उत्तरेची टेकडी. सन १९३८ साली गावठाण वाढले, तेव्हा जुन्या खाणीवर घरे बसली. त्यांतले एक आमचे. पाया खणावा लागला नाही, म्हणून त्या वेळी आम्हांस आनंदच झाला.

२. पुढे पिण्याच्या पाण्याची विहीर बांधावयाची निघाली. वस्तीत सुरुंग लावता येईना आणि टेकडीपर्यंत गाडीवाट नव्हती. म्हणून ओढ्याकाठचा तांबडा, ठिसूळ दगड लावला. दुसऱ्या उन्हाळ्यात माझे मालक गाळ काढण्यास उतरले असता बांधकाम ढासळून ते खाली गाडले गेले. मी घरात दळीत होते. जात्याखालच्या खडकातून ठोके ऐकू आले. ते पहारीने खूण करीत होते. सारा गाव धावला, परंतु जितके उकरावे तितके वरून कोसळे. दिवस मावळताना ठोके थांबले. विहीर तशीच बुजविण्यात आली.

३. पुढील मजकूर अर्जात नसावा, असे अर्ज लिहिणारे नारायण मास्तर म्हणतात. मी आग्रहाने घालावयास लावला आहे. ठोके अजून येतात. भर दुपारी, जाते थांबले की येतात. मी वेडी नाही. शेजारच्या छबूबाई आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणतात, परंतु आमच्या घरात त्या टाचा उचलून चालतात.

४. आता टेकडीवरही चुन्याच्या रेघा पडल्या आहेत. लोक दाटीने राहतात, त्यांस घरे हवीत, हे खरे. परंतु घरे बसली की खालचा दगड कायमचा गेला. मी पाटील पुंजाराम यांस भेटले. ते म्हणाले, "मनकर्णे, दगड कुठं बी घावतो. मान्सांनी ऱ्हायचं कुठं?" मी म्हणाले, "पाटील, जागा मी देते." गावाच्या पूर्वेस माझे मुरमाड रान पडीक आहे. त्यात दगड नाही, पीकही येत नाही. ते घरांसाठी विनामोबदला घ्यावे. "हे माझ्या हातात न्हाई, सायबाला लिव्ह," असे पाटील म्हणाले, म्हणून हा अर्ज.

५. नवी विहीर खणून झाली आहे. टेकडीपर्यंत आता गाडीवाट झाली आहे, पण घरांच्या जागा आखल्यामुळे तेथे खणू देत नाहीत, म्हणून तांबड्या दगडाच्या गाड्या पुन्हा येऊन पडल्या आहेत. सबब मी माझ्या घराचे छप्पर काल उतरविले. वासे अंगणात रचले आहेत. घराखालचा खडक सुरुंगाशिवाय, पाचरी ठोकून काढावा व विहिरीस लावावा, यास माझी पूर्ण संमती आहे. गवंडी तयार आहेत, फक्त आपली परवानगी हवी. खडक फुटल्यावर त्या आवाजाचे काय होईल, मला ठाऊक नाही. जगात माझ्या मालकांचे तेवढेच उरले आहे. तरी फोडावा.

६. येत्या सोमवारी बांधकामास माझा मुलगा बन्सी विहिरीत उतरणार आहे. मी त्यास पुष्कळ विनविले. तो म्हणाला, "आये, मी न्हाई उतरलो तर दुसऱ्या कुनाचा तरी पोरगा उतरंल."

हुकूम सोमवारच्या आत यावा.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

निशाणी डाव्या हाताचा अंगठा
मनकर्णा भ्रतार आसाराम ठुबे
मौजे निंबदरा, ता. ९ एप्रिल १९४७

दस्तुर : नारायण मास्तर, मराठी शाळा, निंबदरा

सोबत : फडक्यात बांधलेले दगडाचे दोन तुकडे, एक काळा, एक तांबडा. तांबडा साहेबांनी स्वतःच्या मुठीत दाबून पाहावा.