दोहोंतले एक परत पाठवण्याबाबत

ताडकळस,
संक्रांतीनंतरचा रविवार

श्री. जावईबापू बसवेश्वरराव यांस कल्याणरावांचे शरणार्थ.

इकडची खुशाली आमची लेक राजनंदिनी तुम्हाला सांगतच असेल. तिने सांगायची ठेवली असेल ती मी सांगतो. थंडी बेताची आहे. घरोघरी तुरीच्या शेंगा उकडायल्यात. तुमच्या सासूबाईंचा, नीलम्माचा, उजवा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून रुसला तो रुसलाच, आणि तिचं बोलणं अर्धं ओठातच विरून जातं. माझ्या कानांचं म्हणाल तर मी त्यांना काही विचारत नाही आणि तेही मला काही सांगत नाहीत. तुमची तब्येत कशी आहे? रात्रीचं जागरण कमी करा.

तुम्ही पाठवलेले दोन्ही हातातले कॉम्प्युटर सुखरूप पोचले. "मामा, दोन्ही वापरून बघा, तुमच्या शाळेतल्या कविता उतरवायला जो बरा पडेल तो ठेवा, दुसरा परत पाठवा, तो एकाला कबूल केलाय," असं तुम्ही फोनवर म्हणालात (म्हणजे ते नीलम्मानं ऐकलं, आणि मला राजनंदिनीनं पुन्हा लिहून कळवलं). आमचे शेजारी सिताराम उद्या परभणीहून पुण्याच्या गाडीला बसणार आहेत. त्यांच्याच हाती एक द्यायचा आहे. तेव्हा आज तुलना करणं आलं, आणि ती मास्तराला शोभेल अशी करतो.

आधी अपघात. नवी वस्तू घरात आली की नीलम्मा विभूती लावल्याशिवाय तिला हात लावू देत नाही, हे तुम्ही जाणताच. मिक्सर, सायकल, तुमची मोटार, सगळ्यांच्या कपाळी तिनं बोटं ओढलेली आहेत. इथं कपाळच सापडेना. शेवटी तिनं डाव्या हातानं दोन्ही यंत्रांच्या बटणांवर तीन-तीन पट्टे ओढले, आणि तेही उदार मनानं. लहान यंत्राचं एक बटण जे खाली बसलं ते उठेचना, आणि स्क्रीनवर एकच अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं चालत सुटलं. मी फुंकर मारली तर विभूती माझ्या चष्म्यावर. शेवटी दाढीच्या ब्रशनं हलक्या हातानं झाडलं तेव्हा रांग थांबली. (ज्याला यंत्र कबूल केलंय त्याला हे सांगू नका. सांगितलंच तर प्रसाद म्हणून सांगा.)

आता गुणदोष. लहान यंत्र म्हणजे ओवी. चष्म्याच्या डबीसारखं मिटतं, सदऱ्याच्या खिशात मावतं, कुठंही उघडावं आणि सुरू व्हावं. त्याच्यावर माझं मन बसलं होतं हे कबूल करतो. बाजारच्या दिवशी मी ते खिशात घालून निघालो, आणि खिशाला हात लावत जरा मिरवलोही. आप्पाराव, माझे बालमित्र, त्यांचं बियाण्याचं दुकान आहे, त्यांनी डबी पाहून तळहात पुढं केला आणि माझ्या कानाशी ओरडले, "गुरुजी, काढा की सुपारी!" मी सांगितलं, हा कॉम्प्युटर आहे. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा ओरडले, "एवढाच? बाकीचा घरी हाय का?" सगळा बाजार हसला. मला ऐकू आलं नाही, पण दात दिसले.

दोष एवढाच की त्याची बटणं ज्वारीच्या दाण्याएवढी. माझं एक बोट तिघांवर पडतं. 'यमाताराजभानसलगं' एवढं गणांचं सूत्र लिहिताना चहावर साय धरली. मोठं यंत्र म्हणजे शार्दूलविक्रीडित. उचलायलाच दम लागतो, दोन्ही बाजूंना पोरांच्या खेळासाठी मुठी, स्क्रीन वर सरकवावी तेव्हा खालून बटणं निघतात, पण निघतात ती ऐसपैस. आत पंखा आहे, तो घरघरतो असं नीलम्माचं म्हणणं. मला त्याचा काय त्रास? उलट मांडीवर घेतलं की मांजरासारखी ऊब देतं. (मोबाईल असताना हे कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण जन्मभर खडू धरलेली ही बोटं मोबाईलच्या काचेला ओळखूच येत नाहीत. बटण बिचारं मुकाट्यानं दबतं.)

तर परवा मी ओसरीत मोठं यंत्र घेऊन बसलो होतो आणि लहान आत नीलम्माच्या खाटेवर पडलं होतं. तपासणीसाठी तुम्ही दोन्ही यंत्रांची गाठ घालून दिलेली होतीच, एकावर लिहिलेलं दुसऱ्यावर दिसतं. माझ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: "भाजीत मीठ न्हाई. वरीस झालं सांगायलेय."

जावईबापू, तिच्या हातानं दगा दिल्यापासून स्वयंपाक मी करतो. ती ताटावर काहीबाही पुटपुटायची. मी समजायचो वाखाणतेय, आणि आणखी एक पळी वाढायचो. मी लिहिलं, मग खाल्लीस कशी? उत्तराला वेळ लागला. डाव्या अंगठ्यानं ती एकेक अक्षर वेचते, डाळीतले खडे वेचावेत तसं. मग आलं: "तुमी वाढायलाव म्हणून."

मी थोडा वेळ चष्मा पुसत बसलो (विभूती नव्हे).

मग मला चेव आला. जुन्या चौथीच्या पुस्तकातली मोटेची कविता लिहून तिला पाठवली, आणि नेहमीप्रमाणे तिसऱ्या कडव्याशी अडलो. आतून उत्तर: "लग्नाच्या वर्षी बी हितंच अडला होताव. तिसरं कडवं काय हाय ते मला अजून ठावं न्हाई." मी म्हटलं, लग्नाच्या वर्षी मी पूर्ण म्हटली होती. ती म्हणे, न्हाई. त्यावरून आम्ही भांडलो. दुपारभर, पोटभर, ती आतून आणि मी ओसरीतून. शेजारच्या सरजाबाईंना वाटतं, गुरुजींच्या घरी काय शांतता आहे! शांतता कसली ती, सुट्टीतली शाळा होती. परवा घंटा वाजली.

तेव्हा निकाल असा. लहान यंत्र उत्तम, पण ते माझ्या बोटाचं नव्हे; तिच्या डाव्या तळहातात मात्र माप घेऊन केल्यासारखं बसतं. मोठंही उत्तम, पण ते तिला उचलत नाही. आता यातून एक काढायचं. जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून मागून घ्यायचं नसतं, ही रीत माझ्या वडिलांनी पाळली आणि मीही मोडणार नाही. ठरल्याप्रमाणे एक यंत्र लोकरीच्या टोपीत गुंडाळून सितारामबरोबर पाठवतो आहे. कोणतं, ते पोचल्यावर कळेलच.

राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.

आपला,
कल्याणराव

ता. क. सिताराम आत्ताच येऊन गेले. यंत्र बांधून झालं नव्हतं, म्हणून त्यांना तिळगूळ देऊन वाटेला लावलं. (टोपी सापडत नव्हती. ती माझ्या डोक्यावर होती.)

पुन्हा ता. क. ज्या गृहस्थांना तुम्ही यंत्र कबूल केलं आहे, ते फार निकडीत आहेत का? सहज विचारतो. निकड असेल तर मी स्वतः परभणीला जाऊन पाठवण्याची तजवीज करीन. गाड्यांना सध्या गर्दी फार आहे म्हणतात.

आणखी एक. तुम्हाला धाडण्याआधी हे पत्र नीलम्माच्या यंत्रावर वाचायला दिलं आहे. ती खाली काही लिहील ते तसंच ठेवतो.

जावईबापू, मी लिहायलेय. ह्यांनी लय लांबण लावली. मागायला लाजायलेत. मी लाजत न्हाई, मी सासू हाय. दोनी यंत्रं आमी ठेवून घेतलीत. त्या मानसाला दुसरं बगा. आनि राजनंदिनी म्हणत होती, घरी आलं की तुमी गपच असताव, तुमच्या त्या यंत्रात तोंड घालून. आमाला एकमेकासंग बोलायला दोन यंत्रं लागायलीत. तुमचे तर कान धड हायेत आन् तिची जीभ धड हाय. तुमाला कायबी लागत न्हाई. आज बोला.