झंझावात येईपर्यंत

३ फेब्रुवारी १९७४
कवठे महांकाळ. सासुरवाडीला मुलीचं बारसं. नाव उज्ज्वला. पंगतीत थोडं भाषण झालं. मीच केलं. सगळ्यांसमोर जाहीर केलं की शालनला आणि मुलीला कोरेगावला आमच्या घरी नेणार ते नव्या झंझावात स्पोर्ट्स कारमधून. पुण्याची कंपनी, फायबरची बॉडी, लाल रंग. माझा बुकिंग नंबर सतरा. डिलिव्हरी पाडव्याला. त्यावर मेहुणा भाऊसो हसला. म्हणाला, दाजी, एस्टी बी लालच असती की. मग मात्र डोकं फिरलं. तिथल्या तिथे सांगून टाकलं, गाडी आल्याशिवाय या घराचा उंबरा ओलांडणार नाही. पंगत गप्प झाली. चांगलाच प्रभाव पडला.

नंतर शालनने आत बोलावून विचारलं, गाडीला सीटा किती? दोन, म्हटलं, स्पोर्ट्स कार आहे, टेम्पो नव्हे. तर म्हणाली, मग पाळणा कुठं ठेवायचा? बायकांना टेक्निकल गोष्टी समजत नाहीत.

४ फेब्रुवारी
निघताना सासरे म्हणाले, जावईबापू, कशाला तरास करून घेता, दोन म्हयन्यांनी मीच जिपीतनं सोडतो की दोघींना. सासरे रिटायर्ड सुभेदार. जीप मिलिटरीच्या लिलावातली, हूड फाटकं, हॉर्न बैल ओरडल्यासारखा. त्यातून माझी मुलगी प्रथम घरी येणार? अपमान गिळला. म्हणजे आधी बोललो, मग गिळला. सासूबाई रडल्या. सासऱ्यांनी जीप झाकून ठेवली.

२३ मार्च
उद्या पाडवा. आज कंपनीचं पत्र. बॉडीचा रंग वाळत नसल्याने विलंब, क्षमस्व. मार्च महिन्यात रंग वाळत नाही? आमच्याकडे मार्चमध्ये माणसं वाळतात. मॅनेजर आगटे यांना कडक पत्र टाकलं. त्यात 'खेद' तीनदा आणि 'संताप' एकदा.
गॅरेज मात्र तयार आहे. खाली कोबा, दाराला हिरवा रंग. आमचा गडी गुंडा आत डोकावून म्हणाला, मालक, ह्यात दोन म्हशी बसत्याल. त्याला उसाला पाणी द्यायला पिटाळलं.

११ मे
रेल्वेचा संप. गिअरबॉक्स मद्रासहून निघून वाटेत कुठेतरी मालगाडीच्या वाघिणीत पडून आहे म्हणे. या देशाला शिस्त नाही. फौज लावली पाहिजे. सासऱ्यांना सोडून बाकी फौज.
वेळ वाया घालवायचा नाही असं ठरवलं. संध्याकाळी गॉगल आणि कातडी हातमोजे घालून गॅरेजात खुर्ची टाकली आणि गिअर बदलायची प्रॅक्टिस केली. चौथ्या गिअरमध्ये असताना आई दारात आली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त राग येतो.

२ जून
संप मिटला. गिअरबॉक्स आली. आता म्हणतात दारं नाहीत. पुण्याला ट्रंक कॉल लावला. सकाळभर पोस्टात बसलो. कॉल लागेपर्यंत सगळा राग पोस्टमास्तरांवर खर्च झाला होता. आगटे लाइनवर आले तर 'बरंय ना सगळं?' एवढंच विचारून फोन ठेवावा लागला.

१९ जुलै
आई मला न विचारता एस्टीने कवठ्याला जाऊन आली. पोरगी पालथी पडते. हसते. भाऊसोला बघून जास्त हसते. हे मला मुद्दाम सांगायची गरज नव्हती. शालनचा निरोप: हट सोडा आन् एस्टीनं या. मी उलट कळवलं, शब्द म्हणजे शब्द, दिवाळीपूर्वी गाडी दारात.
आई असंही म्हणाली की शालन बापाकडून जीप शिकतीय. मळ्यापर्यंत एकटी नेती. आईचा चष्मा बदलायला हवा.

१० सप्टेंबर
आज दिवसभर पोरीचं नाक आठवायचा प्रयत्न केला. माझ्यासारखं की शालनसारखं, काही आठवेना. जावळ किती होतं तेही नाही. शेजारच्या नाथाजींची नात अंगणात रांगत होती. तिला उचलून घेतलं. तिने किंकाळी फोडली. नाथाजी म्हणाले, लेकरास्नी सवय लागती, लालासाहेब, आपलं असलं तरी. त्यांच्याशी बोलणं बंद केलं आहे. याचा हिशोब आगट्यांकडून घेणार.
कधी कधी वाटतं उठावं आणि जावं. पण भाऊसो दारातच उभा असणार.

दसरा
आळीत नवे दोन ट्रॅक्टर, झेंडूच्या माळा, पेढे. आमच्याकडे गॅरेजला तोरण बांधलं, आत पुजायला काय? गुंडाने आपली सायकल आणून उभी केली. हँडलला माझे हातमोजे अडकवले आणि हळदकुंकू वाहिलं. त्याला बोलणार होतो, पण आईने तोपर्यंत नारळ फोडला.

१२ नोव्हेंबर
दिवाळी आली. गाडी नाही. कंपनीने दिवाळीचं भेटकार्ड पाठवलं, त्यावर गाडीचं चित्र. चित्रातही दारं नाहीत. फाडून टाकलं, मग चिकटवलं.

१४ जानेवारी १९७५
संक्रांत. कवठ्याला पोरीचं बोरन्हाण. आई हलव्याचे दागिने घेऊन गेली. जाताना गॅरेजमध्ये शेंगांची पोती भरून गेली. मी विरोध केला. ती म्हणाली, तुजी गाडी आली की काढू, तवर उंदरं तरी हितं येत न्हाईत. रात्री परत आली ती म्हणाली, पोरगी धरून धरून चालतीय. माझी मुलगी चालायला लागली आणि गाडी अजून चालत नाही. आता बस. उद्या पुणे. समोरासमोर.

१५ जानेवारी
पुणे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आत पाच लाल सांगाडे ओळीने विटांवर ठेवलेले. एकात वॉचमन जेवत बसला होता. आगटे साहेब नम्र माणूस. नम्र माणसावर ओरडता येत नाही, याचा भयंकर राग येतो. म्हणाले, सतरा नंबर हीच, साहेब, वॉचमन बसलाय ती. वॉचमन उठला, मी बसलो. सीट मऊ आहे. समोर बोनेट लांबच लांब. दोन मिनिटं कवठ्याचा रस्ता दिसला, बाजूला शालन, तिच्या मांडीवर पोरगी. मग स्टिअरिंग उपटून हातात आलं.
बुकिंग तिथेच रद्द केलं. मोठ्याने, सगळ्या कामगारांसमोर. दार आपटून बाहेर पडणार होतो, पण दार नव्हतं. नुसता उतरलो.

१९ जानेवारी
कवठ्याला गेलो. एस्टीने. शब्द मोडला असं कुणी म्हणू नये. गाडी रद्द, म्हणजे तिच्यावरचा शब्दही रद्द. वाटेत हे भाषण पाठ केलं.
स्टँडवर उतरलो तर बैलासारखा हॉर्न. सुभेदारांची जीप. चालवायला शालन. पदर खोचलेला, एक हात गिअरवर. आईने निरोप धाडलेला दिसतो. शेजारी पोरगी भाऊसोच्या मांडीवर. मी हात पुढे केले. तिने भाऊसोच्या शर्टात तोंड खुपसलं. नाक माझ्यासारखं आहे.
मी मागे बसलो. घरी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबलो. कुणाचं लक्ष नव्हतं.

जेवणं झाल्यावर म्हटलं, शालन, आवर, तीनची एस्टी आहे. ती ताट उचलत म्हणाली, एस्टीनं मी येत न्हाई. मला वाटलं चेष्टा करते. पण तिने ताट आपटलं. म्हणाली, भरल्या पंगतीत तुमी बोलला, मी आत पोरीला पाजत ऐकत हुते. वरीसभर गावातल्या बायका इचारत्यात, आली का गं गाडी. मी सांगत आले, येणार हाय, त्यांचा शब्द हाय. आता पिशव्या घिऊन एस्टीत बसले तर खोटी कोण पडंल? आबा जिपीनं सोडत हुते तवा तुमी आईला रडवलं.
मी म्हटलं, गाडी रद्द केली. तर म्हणाली, मग पुन्हा सांगा त्यांना. गाडी आली की हिकडं पाठवून द्या. दोनच सीटा हायत न्हवं? एक पोरीची, एक माजी. मी आणते चालवत. तुमी एस्टीनं या. आन् तवर रविवारचं येत जावा, पोरगी वळखाया तरी लागंल.
भाऊसो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

२२ जानेवारी
पुन्हा पुणे. बुकिंग केलं. सतरा नंबर दुसऱ्या दिवशीच कुणीतरी घेतला. मला आता एकशे बेचाळीस. आगट्यांना ताकीद दिली की या वेळी एक दिवसाचाही उशीर चालणार नाही. त्यांनी लिहून घेतलं. जाता जाता विचारलं, मागे पाळणा राहील एवढी जागा करता येईल का? आगट्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, साहेब, तोपर्यंत मुलीला पाळणा लागेल का?
परत येताना सातारा स्टँडवर चौकशी केली. रविवारी कवठ्याला जायला सांगलीची पहिली गाडी सकाळी सहाला. लाल.