अकरा घट्ट टोप्या

४ नोव्हेंबर, सकाळी
एका अत्याचाराची नोंद करणे भाग आहे. माझ्या दहा नंबरच्या सुईने काल कोणीतरी चहा ढवळला. सुईला साखर, साखरेला लोकर, आणि माझ्या मस्तकाला आग. ग्रंथालयाच्या माडीवर भरणाऱ्या विणकाम मंडळात मी एकटाच पुरुष, म्हणजे संशयित नऊ. नऊही जणींनी निष्पाप चेहरे केले.

मी तिथे का, हेही लिहून ठेवतो. इस्पितळातल्या नवजात बाळांसाठी चाळीस टोप्या द्यायचं हिने मंडळाला कबूल केलं होतं. पण मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा महिना. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय, त्यामुळे ही तिच्यापाशी आणि सुया माझ्यापाशी. काळजीचं काही नाही. माणसांना घाबरवणं हा डॉक्टरांचा जोडधंदाच असतो.

संकल्प : चाळीस कसल्या, शंभर टोप्या. महिनाअखेरपर्यंत.

७ नोव्हेंबर
पहिली टोपी सिद्ध. तीन दिवस लागले. वेग वाढेल.

मंडळाच्या प्रमुख बाई गळ्यात मोजायची टेप घालून वावरतात. मी मनातल्या मनात त्यांना फूटपट्टी म्हणतो. त्यांनी टोपी मोजली, चष्मा पुसला, पुन्हा मोजली. म्हणाल्या, टाके ऐंशीच आहेत सर, पण टोपी लहान झाली. हात सैल सोडा, नाहीतर आठ नंबरची जाड सुई घ्या. मी सुनावलं, पंचवीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलं ते हात सैल सोडून नव्हे. चहा कोणी ढवळला ते मला आता कळलं आहे. पुरावा नाही, पण खात्री आहे.

११ नोव्हेंबर
टोपी मुलीला दाखवली. पडल्या पडल्या म्हणाली, बाबा, ही मोसंब्याला थंडी वाजली की घालायची का? हसता हसता तिने पोटाला हात लावला आणि एकदम गप्प झाली. हिने मला खोलीबाहेर काढलं. दहा मिनिटांनी सांगितलं, थांबलं दुखायचं.

त्या दहा मिनिटांत दोन ओळी विणल्या. इतक्या घट्ट की सुई आत शिरेना. लोकर निकृष्ट. दुकानदाराला फोन करून झाडला. तो म्हणाला, मंडळाच्या बाई वीस वर्षं हीच नेतात. फोन आपटला. मोबाइल आपटण्यात पूर्वीचं समाधान नाही. काच मात्र जाते.

१५ नोव्हेंबर
हिचं म्हणणं, अहो, तुम्ही चिडून विणता, ते टाक्यांत उतरतं. मी चिडलेलो नाही हे मी तिला शांतपणे समजावलं. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली.

सुधारित संकल्प : चाळीस. संख्येपेक्षा गुण महत्त्वाचा.

१९ नोव्हेंबर
उघड बहिष्कार! बाकीच्यांच्या टोप्या टेबलावर, परडीत. माझ्या टेबलाखाली, बुटांच्या खोक्यात, झाकण लावून. विचारलं तर फूटपट्टीने विषय बदलला आणि मुलीची चौकशी केली. ढोंग. संपादकांना पत्र लिहायला घेतलं : ‘सेवाकार्यातील मक्तेदारी’. तीन पानं झाली. वाचून पाहिलं तर तिन्ही पानं चहावरच.

मुलीला तपासून आणलं. डॉक्टर म्हणाले, जितके आठवडे पुढे ढकलता येतील तितके आपले. या गृहस्थाला आठवडे मोजण्यापलीकडे काय येतं?

२४ नोव्हेंबर
इस्पितळातल्या सिस्टर परवा टोप्या न्यायला येणार. त्यांच्यासमोर खोकं उघडून एकेकीचं वस्त्रहरण करणार. भाषणाचे चार मुद्दे कागदावर काढले. टोप्या अकरा झाल्या आहेत. अकरा ही संख्या पूर्णांकच आहे.

२६ नोव्हेंबर, दुपारी
माझा विजय झाला.

मी तोंड उघडायच्या आत फूटपट्टीनेच ते खोकं काढून सिस्टरांच्या हातात दिलं. सिस्टरांनी एक टोपी मुठीवर चढवून पाहिली.

“या कुणी विणल्या? आमच्याकडे सातव्या महिन्यातच आलेली बाळं आहेत, त्यांना परडीतली एकही टोपी राहत नाही, डोळ्यांवर येते. या अगदी नेमक्या बसतील.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिन्यात फूटपट्टीने मला गाठलं. पहिल्याच टोपीला त्यांच्या लक्षात आलं होतं ती कुणाला होईल. म्हणाल्या, “घरात मुलगी अशी निजलेली, सर. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?”

भाषणाचा कागद खिशातच राहिला. घरी ही विचारत होती, काय झालं. आवडल्या, एवढंच सांगितलं. मुलीच्या खोलीत गेलो नाही.

२८ नोव्हेंबर
बाईंच्या घरी जाऊन आठ नंबरची सुई मागून आणली. त्यांनी चहा दिला. चमच्याने ढवळलेला.

आता सुईवर मोठी टोपी घातली आहे, नऊ महिने पुरे करून येणाऱ्या डोक्याची. टाके शंभर. बारा ओळी झाल्या. घट्टच येते आहे. एकदा उसवली, पुन्हा घातली, पुन्हा तेच. लोकर चांगली आहे. सुई स्वच्छ आहे. राग कुणावरही नाही, कधी नव्हताच.

मला भीती वाटते. त्या अकरांतली एखादी आमच्या बाळाला बसेल, याची.