कुठल्या खाणीतलं?

मंगळवार, संध्याकाळ. नेरूळ.

आज सासूबाईंच्या हाडांचं स्कॅन झालं. 'केमिकल' म्हटलं की त्या घाबरतात, म्हणून इंजेक्शनातल्या किरणोत्सारी टेक्नेशियमबद्दल मी ठोकून दिलं, "आई, नैसर्गिकच आहे, जमिनीतून काढतात." क्लासमध्ये मीच शिकवते, हे मूलद्रव्य माणसाने बनवलेलं!

"कुठल्या खाणीतलं?" त्यांनी विचारलं. मी न ऐकल्यासारखं केलं. इंजेक्शन किरणं अडवणाऱ्या शिशाच्या डब्यातून आलं, तेव्हा त्यांची नजर त्या डब्यावरच होती. ओळखलं असेल?

आज बाळाला त्यांच्याजवळ देऊ नका, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. नैसर्गिक म्हटल्यावर ते कोणत्या तोंडाने सांगणार?

घरी बाळ रांगत त्यांच्याकडे निघालं. त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"उचल गं त्याला. डब्यातलं ते आता माझ्यात आहे."