पोकळ गोलांची दुरुस्ती

५ जानेवारी, सोमवार
नातीचा, अवनीचा, अकरावीच्या गणिताचा क्लास आजपासून बंद. निर्णय माझा. काल तिच्या त्या अभयसरांच्या नोट्स पाहिल्या. आलेखाचे अक्ष हाताने काढलेले, तेही वाकडे. शिसारी आली. चौतीस वर्षं सरकारी नकाशाखात्यात आरेखक होतो. कसब्यातला एकूणएक बोळ शाईने काढलाय, तिच्या धड्यातलं ते लिमिट काय चीज आहे? सूनबाईंची अट: पुढच्या सोमवारच्या टेस्टमध्ये वीसपैकी पंधरा पडले नाहीत तर पोरगी परत क्लासला. मान्य. रोज सकाळी सात ते आठ मी शिकवणार.

६ जानेवारी, सकाळी ७.४०
दाढी, चहा, पेपर. उशीर झाला. असो.
पुस्तकातला पहिलाच आलेख किळसवाणा. रेघ छान वर चाललेली, आणि x बरोबर दोन झाला की तीनच्या उंचीवर पोकळ गोल! भरीव टिंब उडून वर पाचला. काय ही छपाई! अवनी म्हणाली, आजोबा, ते मुद्दाम असतं. टिंब कुठेही असू दे, दोन्ही बाजूंनी रेघ कुठे पोचायला बघतेय तेवढं बघायचं, लिमिट तीन. हल्लीची मुलं कशाचंही समर्थन करतात. सांगितलं, टिंब तिथे उत्तर. पाच. वाद नको.

७ जानेवारी
शिकवलं नाही. आधी साहित्य शुद्ध हवं. अकरा आलेख दुरुस्त केले. पोकळ गोल काळ्या शाईने भरले, तुटक्या रेघा पट्टीने जोडल्या. एका ठिकाणी रेघ डावीकडून एकला येते, उजवीकडून चारला, म्हणून उत्तर काय, तर 'लिमिट अस्तित्वात नाही'! आमच्या खात्यात रस्त्याची टोकं जुळली नाहीत तर 'रस्ता अस्तित्वात नाही' लिहून घरी जाता येत नसे.

९ जानेवारी
काल गुडघा दुखत होता, शिकवणी नाही. आज अवनीने दुरुस्ती पाहिली. सगळे आलेख उलटून पाहिले. मग म्हणाली, रेघा फार सुबक आल्यात. पोरीला कदर आहे. रोज संध्याकाळी सहाला शेजारच्या सृष्टीबरोबर जर्नल लिहायला जाते. क्लास बंद केल्यामुळेच एवढा वेळ मिळतो.

१२ जानेवारी
टेस्ट. निघताना पाया पडली. म्हटलं, टिंब विसरू नकोस.

१४ जानेवारी, संक्रांत, दुपार
एकोणीस! वीसपैकी एकोणीस! अख्ख्या बोळात तिळगूळ वाटला आणि शिकवणी कुणाची तेही सांगितलं. सृष्टीचे वडील कोंडीराम बुचकळ्यात पडले. म्हणाले, दोघी रोज सहाला बरोबरच अभयसरांकडे जातात, मग आमचीला बाराच कसे?

संध्याकाळ
सूनबाईंना जाब विचारला. त्या तिळाच्या वड्या कापत राहिल्या.
अवनीचा पेपर मागून घेतला. सगळीकडे रेघेचं ऐकलंय. फक्त चौथ्या प्रश्नात टिंबाचं. गेलेला एक मार्क तोच. विचारलं, हा कसा चुकला? म्हणाली, चुकला नाही आजोबा, तेवढा तुमच्या पद्धतीने सोडवला. एकच परवडत होता.

१५ जानेवारी, सकाळी ७.००
बरोबर सातला बसलो. एकटाच. आज शिसारी स्वतःचीच आली.
पहिला आलेख घेतला. म्हटलं, ब्लेडने शाई खरवडून गोल होता तसा पोकळ करून ठेवू. नकाशावरच्या चुका आम्ही अशाच काढायचो, कागदाला पत्ता लागत नसे.
कागद फाटला. x दोन, उंची तीन, आरपार भोक.
दोन्ही बाजूंनी रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. तीनच येतंय.